चाळीस खुर्च्यांची एक खोली हवी आहे: नाशिकच्या कार्यक्रम समित्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिकमधल्या सांस्कृतिक संस्था, वाचनालयं, सभागृहं आणि महोत्सव यांच्या कार्यक्रम समित्यांचे अध्यक्ष, कार्यवाह व सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

कार्यक्रम चालू असताना पहिल्या रांगेतून मागे वळून तुम्ही 'आवाज जरा वाढवा' अशी हाताने खूण करता, ती ज्याला करता तो मी. माझा साऊंडचा धंदा आहे. सिडकोत दुकान, एक टेम्पो, हाताखाली दोन पोरं. पाडवा पहाट, गणेशोत्सव, संस्थांचे वर्धापनदिन, लग्नातलं संगीत, शोकसभा, सगळीकडे आमचे स्पीकर उभे राहतात. तुमच्यापैकी अनेकांनी मला वर्षानुवर्षं काम दिलंय आणि बिलंही बहुतेक वेळा वेळेवर चुकती केली आहेत, त्यामुळे हे पत्र भांडणाचं नाही. तरी ते खुलं लिहितोय, कारण समितीच्या बैठकीत साऊंडवाल्याला बोलायला कुणी बोलावत नाही.

विषय माझ्या एका मित्राच्या संगीताचा आहे. त्याचं नाव लिहीत नाही. तोच म्हणाला, 'माझी शिफारस करू नकोस, जागेबद्दल लिही.' म्हणून जागेबद्दलच लिहितो. पण त्यासाठी तो काय वाजवतो हे आधी सांगायला हवं.

तो अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. गिटार स्वतःच शिकला. तारा मुद्दाम उतरवून लावतो, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाद्य लावायचं राहून गेलंय असंच वाटतं. त्याच्याकडे एक जुनी पेटी आहे. तिचा एक स्वर अडकलेला आहे, भाता हलवला की तो वाजतच राहतो. दुसऱ्या कुणी ती दुरुस्तीला टाकली असती. याने तिला माईक लावला आणि त्या अडकलेल्या स्वराला षड्ज मानून गाणी बांधली. प्रेस मशीनचा ठोका, लासलगावच्या कांदा लिलावातली बोली, नाशिकरोड स्टेशनवरची उद्घोषणा, असं काय काय तो टिपून आणतो आणि गाण्यात घालतो. शब्द मराठी, आणि अगदी साधे: पगाराची स्लिप, सासऱ्यांचं आजारपण, सोसायटीत पाणी यायची वेळ. मुखडा, अंतरा असा प्रकार नाही. काही गाणी दीड मिनिटात संपतात. एक अकरा मिनिटं चालतं आणि त्यातली पहिली चार मिनिटं कुणी गातच नाही.

मला त्याची सगळी गाणी आवडत नाहीत. ते अकरा मिनिटांचं तर अजूनही लांबलंय असं वाटतं, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलंय. आमच्या धंद्याच्या दृष्टीनेही तो अवघड गिऱ्हाईक. माईकने स्पीकरचा आवाज ओढला की जी शिट्टी वाजते, तिला आम्ही फीडबॅक म्हणतो. ती मारण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्याच्या पहिल्याच कार्यक्रमात मी ती दाबली तर हा समोरून ओरडला, 'राहू दे, ती गाण्यातली आहे!' आता ती शिट्टी कुठे यायची ते मला पाठ आहे, आणि बरोबर जागी आली की बरंही वाटतं. हे मी धंद्यातल्या दुसऱ्या कुणाजवळ बोलत नाही.

असं संगीत करणाऱ्याने नाशिकमध्ये श्रोते शोधायचे कुठे?

कॉलेज रोड, गंगापूर रोडला आता कॅफे पुष्कळ झालेत आणि शनिवारी तिथे लाइव्ह म्युझिक असतं. मालकाचं म्हणणं सरळ असतं: लोक खायला आलेत, त्यांना ओळखीचं वाजवा. मला त्यात काही गैर वाटत नाही. जागेचं भाडं भरणाऱ्याने पनीर टिक्क्याबरोबर लिलावाची बोली का वाढावी? एके ठिकाणी याच्या दुसऱ्या गाण्याला टेबलावरून फर्माईशीची चिठ्ठी आली, तिसऱ्याला मालक स्वतः आला. गणेशोत्सवात एका मंडळाने ऑर्केस्ट्राच्या मध्यंतरात दहा मिनिटं दिली. पुढे कुल्फी खाणारी मुलं, मागे नाचायच्या गाण्याची वाट बघणारी पोरं, आणि मधे हा, अडकलेल्या स्वराची पेटी घेऊन. निवेदकाने ओळखच अशी करून दिली की 'थोडं वेगळं आहे, सांभाळून घ्या.' लोकांनी सांभाळून घेतलं असावं, कारण कुणी काही फेकलं नाही.

सभागृह भाड्याने घ्यायचाही प्रयत्न झाला. कुठलं ते सांगत नाही, पण खिडकीवरचं बोलणं जसंच्या तसं देतो, कारण मी शेजारीच उभा होतो.

'गाणी कोणाची?'
'माझी.'
'तसं नाही, मूळ कोणाची?'
'मूळ माझीच.'
'मग हक्कवाल्यांचं परवानगीपत्र लागेल.'
'हक्क माझाच आहे.'
'मग तसं पत्र जोडा.'

त्याने स्वतःच स्वतःला परवानगी दिल्याचं पत्र लिहिलं, खाली सही केली आणि जोडलं. ते मान्यही झालं. तारीख मात्र मिळाली नाही. शनिवार-रविवारची सत्रं नाटकांकडे, आणि मधल्या वारी घ्यायचं तर भाडं, अनामत, वीज, सफाई मिळून त्याचा महिन्याचा पगार जाणार. समजा घातलाही पगार, तरी एवढ्या मोठ्या सभागृहात पस्तीस माणसं बसली की ती दिसतच नाहीत, नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसतात. गाणाऱ्याला दिसतात आणि ऐकणाऱ्यालाही. आपण चुकीच्या ठिकाणी आलो की काय, असं होऊन ऐकणारा मध्यंतरातच उठतो. तीच पस्तीस माणसं शाळेच्या एका वर्गात बसवा, लग्नघरासारखी दाटी होते.

'मग नेटवर टाक ना' असं सगळे म्हणतात, तुम्हीही म्हणाल. टाकलंय. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदला नाही. याची बहुतेक गाणी त्या रेषेच्या खाली आहेत. पैशाचं सोडा, ते तसेही चहापुरतेच असतात. एकदा हैदराबादमधल्या कुणीतरी त्याचं एकच गाणं बरेचदा लावलेलं दिसलं. आम्ही त्यावर खूप दिवस बोलत होतो. कोण असेल? मराठी असेल का? झोप लागत नसेल, की फोन चालू ठेवून माणूस घोरत पडला असेल? कळायला काही मार्ग नाही.

याच्या उलट काय होतं ते सांगतो, कारण हे पत्र मुळात त्यासाठीच आहे.

सातपूरला आमच्या ओळखीच्या एकाचा सुतारकामाचा कारखाना आहे. रविवारी बंद असतो. तिथला भुसा झाडून आणि लोकांना प्लायवूडच्या चळतींवर बसवून आम्ही बैठक केली. दोन छोटे स्पीकर, आवाज इतका बेताचा की बाहेर रिक्षा थांबली तरी ऐकू यावी. आलेल्यांत निम्मे घरचे आणि कारखान्यातले. एक काका नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले, कुणाबरोबर तरी आलेले. मशीनच्या ठोक्यावरचं गाणं संपल्यावर ते म्हणाले, 'मशीन असं एकदम गप्प होत नाही हो. बेल्ट सुटायच्या आधी ते कण्हतं. तुमच्यात ते कण्हणं नाही.' मित्र म्हणाला, मला एकदम तुटलेलंच हवंय. काका म्हणाले, हवं असेल, पण मग ते मशीन नव्हे. बराच वाद झाला, चहा गार झाला. पुढच्या बैठकीला गाणं बदललेलं होतं. शेवटाकडे पेटीचा भाता अर्धवट दाबून त्याने तो कण्हण्याचा आवाज काढला होता. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं गाणं ते. काका त्या दिवशी नव्हते, त्यांच्या नातवाची मुंज होती.

समित्यांमध्ये, आणि खरं तर सगळीकडेच, असं धरून चालतात की कलाकाराने आधी घरी बसून तयार व्हावं, मग तो लायक असेल तर त्याला श्रोते मिळतील. पण समोर कुणी नसताना तो तयार होणार कसा? शास्त्रीय गाणाऱ्याला गुरू असतो, गुरुबंधू असतात, चुकलं की भुवई उंचावणारं कुणीतरी असतं. भजनी मंडळातल्या पोराला दर एकादशीला चुकायला जागा असते. नाटकवाल्या पोरांना एकांकिका स्पर्धा असतात, आणि परीक्षकांना शिव्या घालत का होईना ती शिकतात. कुठल्याच खणात न बसणाऱ्या संगीताला यातलं काहीच नाही. त्याचा पहिला श्रोता आणि पहिला परीक्षक एकच असतो, तो म्हणजे तिकीट काढून आलेला अनोळखी माणूस, आणि तो बिचारा येणार कुठे हेच ठरलेलं नसतं.

नाटकवाल्यांनी ही गोष्ट फार आधी ओळखली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने १९७४ पासून प्रायोगिक नाटकं करायला सुरुवात केली. ते काही बांधीव नाट्यगृह नव्हतं. शाळेची जागा, साधा प्रकाश, आणि प्रेक्षक नटाच्या इतका जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसावा. तिथे झालेलं सगळंच काही थोर नव्हतं. पण पुढच्या वेळी त्याच दारातून आत गेलं की आणखी काहीतरी न पाहिलेलं असेल, हे लोकांना माहीत होतं. तिथून मराठी रंगभूमीला किती माणसं मिळाली ते मी तुम्हाला सांगायला नको. ती जागा गेल्यावर आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेलं. महापालिकेच्या शाळेत, हे पुन्हा लिहितो, कारण त्या आपल्याकडेही आहेत आणि संध्याकाळी त्यांना कुलूप असतं.

पण त्यासाठी मुंबईला जायलाच नको. मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला भरते. तिथे येणाऱ्या जुन्या नाशिककराला आजचा वक्ता कोण ते पुष्कळदा घाटावर पोचल्यावरच कळतं. विषय परराष्ट्र धोरण असो नाहीतर मधुमेह, तो येतो. मे महिना आहे, ऊन उतरलंय, आणि त्याचे वडीलही यायचे. वक्ता पडला तर घरी जाताना त्याला नावं ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. हा दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारा माणूस मला हवा आहे. तो जाहिरातीने मिळत नाही. एकच जागा आणि एकच वेळ धरून वर्षानुवर्षं बसलं की मग तो येतो, हे या शहरातल्या आयोजकांनीच करून दाखवलंय.

पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९२२च्या सुमारास रामनाम आधार आश्रम काढला. त्याच्या कितीतरी आधी, १९०१ साली, ते लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू करून बसले होते. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं गाणं तिकीट लावून चारचौघांपुढे मांडणारा हा माणूस, आणि तेव्हा ते करणं कमीपणाचं होतं. त्यांच्या तसबिरीला हार घालताना तुमच्यापैकी काहींचे फोटो मी पाहिलेत. त्या दिवशीही साऊंड माझाच होता.

यावर कुणीतरी म्हणतंच, 'खरा कलावंत आपली वाट काढतो,' आणि लोकशाहीर वामनदादा कर्डकांचं नाव घेतं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा. तरुण वयात अक्षरओळख झाली, मग हजारो गाणी लिहिली, आणि ती गात गावोगाव, जयंती ते जयंती हिंडले. २००४ साली गेले. त्यांना श्रोते मिळवून द्यायला कुठलीही कार्यक्रम समिती लागली नाही, हे खरंच आहे. पण त्यांच्यामागे बाबासाहेबांनी उभी केलेली अख्खी चळवळ होती. प्रत्येक गावात एक वस्ती त्यांची वाट बघत रात्रभर जागी असायची. त्यांच्या लोकांनी जे सोसलं त्याच्या पासंगालाही माझ्या मित्राची अडचण पुरत नाही, आणि ते तो जाणतो. तेव्हा त्याची वाट अडली की वामनदादांकडे बोट दाखवायचं, हे दोघांवरही अन्याय करणारं आहे.

दुसरं हमखास उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या रॉड्रिगेझ या गायकाचं. १९७० आणि १९७१ मध्ये याच्या दोन रेकॉर्ड निघाल्या. अमेरिकेत त्या कुणी घेतल्या नाहीत, कंपनीने नाद सोडला आणि हा घरं पाडायच्या कामावर लागला. तिकडे वर्णद्वेषी राजवटीतल्या दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या तरुणांच्या घराघरांत त्याची गाणी, आणि याला पत्ताच नाही. १९९८ साली तो तिथे गेला तेव्हा सभागृहं भरलेली होती. त्याच्यावरच्या माहितीपटाला २०१३ साली ऑस्कर मिळालं. मलाही ती गोष्ट आवडते. पण त्या माहितीपटाने एक भाग गाळला. मधल्या काळात, १९७९ आणि १९८१ साली, हा माणूस ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता, कारण तिथल्या रेडिओवर त्याची गाणी वाजत होती. कुणीतरी स्टुडिओत बसून, श्रोत्यांना ओळखीचं नसलेलं गाणं, पुन्हा पुन्हा लावत होतं. त्या लावणाऱ्यावर कुणी माहितीपट काढत नाही. माझ्या मित्राला ही गोष्ट ऐकवून धीर देणाऱ्यांना मला विचारायचंय: एका आयुष्यानंतर दुसऱ्या खंडात कुणाला तरी कळेल, एवढ्या आशेवर पाळी संपवून आलेल्या माणसाने रात्री गिटार हातात घ्यायची का?

तुमची बाजूही मला दिसते, कारण मी दोन्ही बाजूंच्या मधे, मिक्सरवर बसतो. संस्था चालवायला पैसा लागतो. प्रायोजक बॅनरवर नाव छापायच्या आधी विचारतो, 'कोण गाणार?' सभासद साठीच्या पुढचे, त्यांना संध्याकाळी घरी लवकर जायचं असतं आणि गाणं ओठांवरचं हवं असतं. म्हणून जुन्या सोनेरी गीतांचा कार्यक्रम होतो, हाऊसफुल्ल होतो, पुन्हा होतो. गायक बदलतात, यादी फारशी बदलत नाही. त्या यादीतल्या प्रत्येक गाण्याला कुठे बासरी वाढवायची ते माझा हात आपोआप करतो. माझं घर या कार्यक्रमांवर चालतं, त्यामुळे ते बंद करा असं मी म्हटलं तर बायकोच मला घराबाहेर काढेल. पण ती गाणीही कधीतरी नवीन होती आणि कुणीतरी ती पहिल्यांदा, ओळख नसताना, ऐकून घेतली होती.

आवाजाचं म्हणाल, तर तो विषय माझा आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मला पोटासाठी पाठ करावे लागले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, दहानंतर उघड्यावर स्पीकर बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस कुठे खर्च होतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याच बेसने मिरवणुकीत खिडक्यांच्या काचा थरथरल्या आहेत आणि कुणी एका शब्दाने काही बोललं नाही. नाशिक ढोल तर आपण जगाला दिला. मोठ्या आवाजाला हे शहर कधी घाबरलं नाही, अनोळखी आवाजाला मात्र बिचकतं. माझा मित्र बंद खोलीत वाजवतो आणि साडेआठला आवरतो.

आणि ऐकणारे नाहीतच, असं कृपा करून म्हणू नका. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यात २००८ पासून सुलाफेस्ट हे संगीताचं फेस्टिव्हल व्हायला लागलं, मधे काही वर्षं थांबलं, २०२५ मध्ये पुन्हा झालं. देशोदेशीचे बँड तिथे वाजवून गेले. पार्किंगमध्ये मुंबई-पुण्याच्या पाट्या नाशिकच्या एमएच-१५ पेक्षा जास्त दिसल्या हे कबूल, पण एमएच-१५ही होत्याच की. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली, अंबड-सातपूरच्या कंपन्यांतली पोरं असलं काही ऐकायला मुंबईला जातात. परतीची पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळीच सुटते, म्हणजे कार्यक्रम सुरू व्हायच्याही आधी. मग मिळेल त्या रात्रीच्या बसने कसारा घाट चढून पहाटे इथल्या द्वारका चौकात उतरतात आणि तशीच कामावर जातात. या पोरांची आणि माझ्या मित्राची अजून गाठ पडलेली नाही. दोघं एकाच शहरात राहतात, कदाचित एकाच टपरीवर चहा पितात.

आता मागणं. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. रस्ते होतायत, घाट होतायत, आणि थोड्याच दिवसांत सांस्कृतिक कार्यक्रमांच्या याद्याही होतील. त्या याद्यांत माझ्या मित्राला घालू नका. मोठं स्टेज, दोन बाजूंना एलईडी पडदे, हजारभर माणसं, हे त्याला आत्ता नकोच आहे. तिथे त्याचं तेच होईल जे ऑर्केस्ट्राच्या मध्यंतरात झालं.

त्याला आणि त्याच्यासारख्यांना हवी आहे चाळीस खुर्च्यांची एक खोली, महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. कुसुमाग्रज स्मारकातलं विशाखा सभागृह किंवा सार्वजनिक वाचनालयाचं औरंगाबादकर सभागृह ही आपल्या शहरातल्या त्यातल्या त्यात लहान जागांची नावं, पण आमच्या कामाला तीही मोठी पडतील. महापालिकेच्या एखाद्या शाळेचा हॉल चालेल, वाचनालयाची बैठकीची खोली चालेल, बुधवारी रिकामी राहणारी तालमीची जागा चालेल. दोघांनी अर्धा-अर्धा तास स्वतःचं, कुठेच न ऐकलेलं सादर करावं, आणि त्यानंतर अर्धा तास बोलणं. ते बोलणं सोडू नका, छापखान्यातले काका तिथेच भेटतात. दीपप्रज्वलन नको, शाल-श्रीफळ नको, प्रमुख पाहुणे नकोत. पाहुण्यांच्या मनोगताला जेवढा वेळ जातो तेवढ्यात याची चार गाणी होतात. तिकीट ठेवायचं की दारात डबा, ते तुम्ही ठरवा. माझं मत डब्याला. निवड समितीही नको. आधी नाव देईल त्याला आधीची तारीख. वाईट वाजवणारेही येतील. येऊ द्या, त्यांना ऐकूनच लोकांना बरं कोणतं ते कळतं.

हे फक्त एका मित्रासाठी नाही. नाशिकरोडची एक मुलगी तबल्याचे बोल तोडून लॅपटॉपवर जोडते, तिच्या आईलाही ती नेमकं काय करते ते कळलेलं नाही. मालेगावचा एक पोरगा यंत्रमागाच्या खटखटीवर उर्दूत रॅप करतो, तो फोनवर मला नेहमी विचारतो, 'भाई, नाशिक में कुछ है क्या?' देवळ्याचे एक शिक्षक आहेत, संबळ आणि सिंथेसायझर एकत्र वाजवतात, शाळेत कुणाला माहीत नाही. एवढे तर साऊंडवाल्याच्या ओळखीतलेच झाले.

एकच अट घालतो. दोन वर्षं माणसं मोजू नका. पहिल्या चार-सहा महिन्यांत दहा-बारा जण येतील, त्यातले अर्धे कलाकाराचे नातेवाईक, आणि तुमच्या बैठकीत कुणीतरी नक्की म्हणेल, 'प्रतिसाद नाही.' ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या महिन्याची तारीख जाहीर करा.

साऊंड माझ्याकडून. दोन छोटे टॉप म्हणजे स्पीकर, मिक्सर, चार माईक, केबल, आणि लागलाच तर एक पंखा. भाडं घेणार नाही, टेम्पोचं डिझेल तेवढं जमलं तर बघा. वार तुम्ही ठरवा. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या दाट तिथी सोडून मी कधीही मोकळा आहे, आणि त्या तारखांना माझा मोठा पोरगा येईल. त्याला फीडबॅक कुठे दाबायचा नाही ते सांगून ठेवलंय. जागा देऊ शकणाऱ्या संस्थेने माझ्या पुढच्या बिलावरच तसं लिहून पाठवलं तरी चालेल.

आपला,
सिडकोतला एक साऊंडवाला
नाशिक